खिडकी सांगणारी

आक्काला ती नोकरी मिळाली ती डोळ्यांच्या जोरावर. साठी उलटून बरीच वर्षं झाली तरी तिला लांबचं लख्ख दिसायचं. जवळचं विचारू नका. सुईत दोरा ओवायचा म्हटलं की देव आठवायचे. पण स्टेनोबाईंना हवं होतं ते लांबचंच.

स्टेनोबाई म्हणजे उभी हयात कोर्टात बसून साक्षीदारांच्या जबान्या लघुलिपीत उतरवून घेतलेली बाई. निवृत्त झाल्यावर काचबिंदूनं त्यांचं आधी कडेकडेचं जग खाल्लं आणि मग मधलंही. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटला रस्त्याकडे एक भलीमोठी खिडकी होती. सकाळी झाडलोट आणि स्वयंपाक करणारी बाई येऊन जायची. उशाशी रेडिओ होता. पण त्यांचं मन रेडिओत रमेना.

"साऱ्या जगाचं सांगतात मेले," त्या म्हणायच्या, "माझ्या दारात काय चाललंय ते कुणी सांगत नाही."

म्हणून त्यांच्या भाचीनं माणूस शोधला. दुपारी यायचं, खिडकीशी बसायचं आणि दिसेल ते बोलून दाखवायचं. असल्या कामाला मागणी फार नव्हती, आणि आक्कासारखी रिकामी माणसंही त्या रस्त्यावर फार नव्हती.

आक्का त्या शहरात नवरी होऊन आली होती. नवरा छापखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. तिनं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालत निम्मा जन्म काढला. तिथली भाषा ती तिथंच शिकली, धुलाईयंत्रांच्या धडधडाटात, म्हणून तिची ती भाषा जरा मोठ्या आवाजाचीच झाली. मराठी संध्याकाळी, नवरा घरी आल्यावर. तो गेला तशी मराठी बोलायची वेळच दिवसातून निघून गेली. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी. रविवारी फोन करायची, तोही एक डोळा घड्याळावर ठेवून. एरवी आक्का भाजी चिरताना मनातल्या मनात बोलायची, आणि ऐकायला कुणी नाही म्हणून वाक्य मध्येच सोडून द्यायची.

पहिल्या दिवशी स्टेनोबाईंनी तिला खुर्ची दाखवली, म्हणजे हातानं चाचपून तिच्याकडे सरकवली, आणि म्हणाल्या, "हं. सांग, काय दिसतंय?"

तिथल्या भाषेत तू आणि तुम्ही एकाच शब्दात उरकतात. पण आक्काच्या कानाला बाईंचं बोलणं 'तू'नंच ऐकू आलं, आणि तिचं स्वतःचं आपोआप 'तुम्ही'नं निघालं.

"एक सून माहेरी चाललीय," आक्का म्हणाली. "भांडून."

"सून आहे हे कशावरून?"

"तोंडावरून."

"बाई म्हण. एक बाई चाललीय."

"अहो, पण कुठं चाललीय ते नको सांगायला?"

"तुला ठाऊक आहे कुठं चाललीय ते?"

"हातात पिशवी, पिशवीत कपडे कोंबलेत, एक बाही बाहेर लोंबतेय. चाल अशी की समोरच्यानं बाजूला व्हावं. आणखी काय ताम्रपट पाहिजे तुम्हाला?"

"कोर्टात हे एक मिनिट टिकलं नसतं," बाई म्हणाल्या.

"कोर्टात कुठं आहोत बाई, खिडकीत आहोत आपण."

यावर स्टेनोबाई हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी आक्कानं खुर्ची ओढताक्षणी त्यांनी विचारलं, "ती कालची, परतली का सासरी?"

आक्काचंही त्यात काही चुकत नव्हतं. तिच्या माहेरी बातमी सांगायची एक रीतच होती. सहा बहिणी, कुणी ना कुणी सतत बाहेरून यायची आणि चुलीपुढच्या आईला सांगायची, अमका दिसला वाटेत. आई मान वर न करता विचारायची, "कुठं चालला होता?" माहीत नाही म्हटलं की तिला राग यायचा. "मग अर्धवट कशाला सांगतेस? चालत्या माणसाला असं वाटेत उभं करून येऊ नये. कुठं तरी पोचवावं त्याला." मग बहिणी त्याला पोचवायच्या. शिंप्याकडे, दवाखान्यात, मेव्हण्याला आणायला स्टेशनावर. निम्मं पाहिलेलं असायचं, निम्मं तोंडावर येईल ते. कुणी तपासायला जात नसे. माणूस मुक्कामी पोचला की आई पुढच्या भाकरीकडे वळायची, आणि सांगणारीलाही हलकं वाटायचं. अशा घरात वाढलेल्या आक्काला नुसता चालणारा माणूस दिसतच नसे. तिला दिसायचा तो कुठं तरी जाणारा माणूस. परकी भाषा तिनं शब्द शब्द करून उचलली, पण शब्दांना घेऊन चालायची वाट माहेरचीच राहिली.

धुलाईखान्यात याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. मुकादमाला चादरी मोजून मिळाल्या की झालं. इथं मात्र तिचं वाक्य पहिल्यांदाच कुणी हातात घेऊन, उलटंपालटं करून पाहत होतं.

हळूहळू दोघींचं जमलं. म्हणजे रोज भांडण व्हायचं आणि रोज आक्का यायची. समोर घड्याळजीचं दुकान होतं, त्यावर हिरवं छत. घड्याळजी दुपारी बाहेर स्टूल टाकून बसायचा. आक्का म्हणायची, "बायकोची वाट बघतोय." बाई म्हणायच्या, "बसलाय, एवढंच म्हण." आक्का म्हणायची, "एवढंच म्हणायला तुम्हाला माणूस कशाला हवा? कॅलेंडर टांगा समोर." मग बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलायचा. कधी कधी त्या आक्काचं कालचं बोलणं शब्द न शब्द परत म्हणून दाखवायच्या, जबानी वाचून दाखवावी तसं. आक्का चकित व्हायची. नवराही तिचं ऐकायचा, पण पेपराआडून. लेक तर वाक्य संपायच्या आत 'हं हं' करायची. जन्मात तिचं बोलणं कुणी इतकं सांभाळून ठेवलं नव्हतं. फ्लॅटवरून परतताना जिना उतरेपर्यंत तिला हे सुख पुरायचं. पुढं रस्ता आणि मग आपली खोली.

बाईंच्या फडताळावर एक फोटो होता. लांबट चेहऱ्याचा तरुण, एक खांदा जरा उतरलेला, डोक्यावर दाट केस. बाई त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. भाचीनं एकदा जिन्यात सांगितलं. मावशीचा एकुलता एक मुलगा. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मायलेकांची काहीतरी बोलाचाली झाली, तेव्हापासून त्यानं या घरात पाऊल टाकलेलं नाही. याच शहरात, नदीपलीकडे राहतो. "तुम्ही विषय काढू नका, आक्का," भाची म्हणाली. "ती कधीच काढत नाही."

आक्कानं विषय काढला नाही. पण फोटोतल्या त्या उतरत्या खांद्याकडे तिचं लक्ष रोज जायचं.

आणि एका दुपारी घड्याळजीच्या छताखाली तो खांदा उभा होता.

आक्कानं आधी दुसरंच काहीतरी सांगायला घेतलं होतं. कुत्रा फिरवणाऱ्या म्हाताऱ्याचं असेल. ती मध्येच थांबली. त्या माणसानं हात मागे बांधले होते आणि मान वर करून तो सरळ या खिडकीकडे पाहत होता. मग त्यानं फुटपाथवरून एक पाय खाली रस्त्यावर टाकला.

"बाई," आक्का म्हणाली, "तुमचा मुलगा आलाय. वर येतोय."

ती खिडकीपासून वळलीच, कारण बाई उठल्या होत्या. त्या अशा तटकन कधी उठत नसत. त्यांचा हात हवेत काठी शोधत होता.

"कंगवा," त्या म्हणाल्या. "त्या खणात. नाही, वरच्या. आणि हा स्वेटर नको, याच्या कोपराला भोक आहे ना? निळा दे. ते चांगले कप काढ. ती खुर्ची इकडे घे. नको, राहू दे तिथंच, पूर्वी तिथंच असायची. मी उभी राहू की बसू?"

"बसा," आक्का म्हणाली. तिनं बाईंचे केस विंचरले. पांढरे, बारीक, लहान पोरीचे असावेत तसे केस. मागं वळवून चाप लावला. मग दोघी बसून राहिल्या.

लिफ्ट वर आली. शेजारचं दार उघडलं आणि मिटलं. लिफ्ट खाली गेली.

चहाचं पाणी उकळून आटायला लागलं तेव्हा आक्कानं गॅस बंद केला आणि खिडकीशी गेली. छताखाली कुणी नव्हतं. रस्ता होता तसा होता. घड्याळजी स्टुलावर बसला होता.

"काय दिसतंय?" बाईंनी विचारलं. आवाज सपाट होता.

आक्का खिडकीपासून मागं फिरली.

"तो रस्ता ओलांडून अलीकडे आला, हे तू पाहिलंस?"

"नाही."

"खालच्या दारातून आत शिरताना पाहिलंस?"

"नाही, बाई."

"मग 'वर येतोय' हे कुठून आणलंस?"

माहेराहून, असं खरं उत्तर होतं. पण ते त्या भाषेत कसं सांगायचं? आणि सांगून तरी काय? माणूस नदीपलीकडून येतो, वर पाहतो, पाऊल टाकतो. तो दारापर्यंत येणार नाही हे आक्काच्या मनालाच शिवलं नव्हतं. तिच्या तोंडानं त्याला जिना चढवून वर आणलं, आणि तो आपला खालच्या खालीच राहिला.

"मी केस विंचरून घेतले," स्टेनोबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पडदा ओढ."

त्यानंतर पडदा उघडलाच नाही. आक्का वेळेवर यायची, खुर्चीत बसायची. बाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. खालून गाड्यांचा, कुणाच्या हाकेचा आवाज यायचा. आक्काचं तोंड उघडायचं आणि तिचं तीच मिटून घ्यायची. चहा करू का? नको. पाय चेपू का? नको. जायची वेळ झाली की ती "येते" म्हणायची. त्या भाषेतही ती "जाते" म्हणत नसे, त्यावरून धुलाईखान्यात लोक तिला हसायचे. पूर्वी बाई "मग ये ना" म्हणून टोमणा मारायच्या. आता त्या काहीच म्हणत नसत.

एके दिवशी भाची जिन्यात भेटली. मुद्दामच थांबली असावी.

"आक्का, मावशी म्हणतेय, खिडकी पुरे झाली. या आठवड्यापुरतं या. मग सकाळच्या बाईलाच थोडं जास्त थांबायला सांगू."

"रागावल्यात?"

"ती रागावत नाही हो. ती मिटते. त्याच्या बाबतीतही असंच झालं. इतक्या वर्षांत एकदाही आदळआपट नाही, नुसती मिटली." भाचीनं आक्काच्या हाताला हात लावला. "तुमचा हेतू वाईट नव्हता, मला माहीत आहे."

हेतू. आक्का खोलीवर आली आणि दिवा न लावताच बसून राहिली. नोकरी गेली तर तिचं पोट अडणार नव्हतं, नवऱ्याची पेन्शन होती. पण दुपार कुठं न्यायची? आणि बोलायचं कुणापाशी? शेजारीण जिन्यात भेटली की हवापाण्याचं बोलते. भाजीवाला पैसे सांगतो. रविवारी लेक. एवढाच काय तो गोतावळा. या वयात नवं कान देणारं माणूस कुठं मिळतं?

आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला. आक्का गेली तेव्हा स्टेनोबाई पलंगावर नव्हत्या. खुर्चीत ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर.

"बस," त्या म्हणाल्या. "साक्ष पुन्हा घेऊ. मी विचारीन तेवढंच सांगायचं. पाहिलंस ते. न पाहिलेलं एक अक्षर आलं तर तिथंच उठायचं आणि जायचं. कबूल?"

"कबूल."

"कुठं उभा होता?"

"घड्याळजीच्या छताखाली."

"कपडे?"

"करडा कोट. विजारीला इस्त्रीची घडी होती."

"हात?"

"मागं बांधलेले."

बाई जराशा पुढं वाकल्या. "केस?"

आक्का घुटमळली. "टक्कल पडलंय. कानांवर थोडे आहेत. पांढरे."

स्टेनोबाईंचा हात मांडीवरून उठला आणि परत खाली आला. "टक्कल," त्या म्हणाल्या. फोटोतले ते दाट केस इतकी वर्षं त्यांच्या मनात तसेच राहिले असणार. ते आता एका शब्दात गेले. आक्काला वाटलं, पाणी आणावं. पण विचारलं नव्हतं, म्हणून ती हलली नाही.

"बूट?"

"काळे. चकचकीत. इथून चमक दिसत होती."

"वर पाहिलं?"

"पाहिलं. याच खिडकीकडे."

"किती वेळ?"

"घड्याळजीचं गिऱ्हाईक आत जाऊन काम आटपून बाहेर आलं, तेवढा."

"मग?"

"मग एक पाय खाली रस्त्यावर टाकला."

"मग?"

आता आक्काच्या जिभेवर सगळं माहेर येऊन उभं राहिलं. आई, सहाच्या सहा बहिणी. सांग ना, त्याचे डोळे भरले. सांग, हात डोळ्यांशी नेला आणि लाजून माघारी वळला. पुलावर जाऊन पुन्हा एकदा वळून पाहिलं. असंच झालं असेल की! आणखी काय होणार? समोर एक म्हातारी बाई निळा स्वेटर घालून बसली होती, आणि दोन वाक्यांत तिचा मुलगा निदान पुलापर्यंत तरी पोचवता आला असता.

"मग मी वळले, बाई. पुढचं मला दिसलं नाही."

खालून एक गाडी गेली, मग दुसरी. स्टेनोबाईंनी मान हलवली, वाक्य नीट उतरलं की त्या कोर्टात हलवत असतील तशी.

"बूट चकचकीत होते, म्हणतेस."

"होते."

"शाळेत जाताना जन्मात कधी पुसले नाहीत त्यानं. मी ओरडून ओरडून थकायची. पण कुणाकडे बोलावलं असलं, कुणाला भेटायचं असलं, की आदल्या दिवसापासून घासत बसायचा." त्यांचा चेहरा खिडकीकडे होता, बंद पडद्याकडे. "तो माझ्याकडेच आला होता."

हे कशावरून, असं आक्कानं विचारलं नाही. कोर्टात हे टिकलं असतं का, असंही नाही. चार आठवड्यांपूर्वी तिनं ती संधी सोडली नसती, आणि बाईंनीही तिला सोडलं नसतं. माणूस घड्याळ दुरुस्तीला टाकायलाही चांगले बूट घालून येऊ शकतो. आक्का गप्प राहिली, आणि बाई आपल्या मुलाला एकट्याच घरी घेऊन आल्या.

"पडदा उघड," स्टेनोबाई म्हणाल्या. "भाचीला मी फोन करीन. सोमवारी वेळेवर ये. आता सांग, काय दिसतंय?"

आक्कानं पडदा सारला. ऊन एकदम आत आलं. खालून एक बाई चालली होती. तीच, पिशवीवाली, पण आज हातात छत्री.

"एक बाई चाललीय," आक्का म्हणाली. "हातात छत्री आहे. मिटलेली."

बाई वाट पाहत राहिल्या. आक्कानं पुढं काही जोडलं नाही. ती जोडणार होती, पण आतून काही आलंच नाही.

"बरं," बाई म्हणाल्या.

रविवारी लेकीचा फोन आला. मागं पोरांचा गोंधळ, भांड्यांचा आवाज. "बोल आई, काय म्हणतेस? पटकन हं, मला बाहेर जायचंय. त्या आंधळ्या बाईंचं काय झालं? मुलगा आला होता म्हणालीस ना त्यांचा?"

"एक माणूस समोर उभा होता," आक्का म्हणाली. "त्यानं वर पाहिलं. एक पाय रस्त्यावर टाकला."

"मग?"

"मग मला दिसलं नाही."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. एरवी लेक म्हणायची, आई, मुद्द्यावर ये, तुझं रामायण संपतच नाही. आज तिनं तसं म्हटलं नाही.

"म्हणजे? का आला, का गेला, काहीतरी असेल ना? तुला काय वाटतं?"

आक्कानं सांगायला तोंड उघडलं. मराठीच होती, आपली, घरची. तिच्यात तरी तो माणूस पुढं चालेल असं तिला वाटलं होतं. तिनं पाहिलं, तर करडा कोट तसाच उभा, एक पाय वर, एक पाय खाली.

"वाटत काही नाही गं," ती म्हणाली. "तेवढंच पाहिलं मी."

"तू बरी आहेस ना, आई?"

"बरी आहे. तुला जायचंय ना कुठं? जा तू."

"जाईन गं, घाई नाही. बोल की अजून."

फोन कानाशी धरून आक्का बराच वेळ उभी राहिली. लेकही पलीकडे थांबली होती, घाई न करता. असं कधी होत नसे. आक्काला खूप वाटलं की आता काहीतरी बोलावं. तिनं खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्यानं माणसं नुसती चालली होती.